घड्याळ महाग, म्हणून खरं?

मुंबई मॅरेथॉन संपली की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच ओरडा: "माझ्या घड्याळात अर्धा किलोमीटर जास्त भरलं, रूटच चुकीचा मोजलाय!" अहो, मान्यताप्राप्त मॅरेथॉनचा मार्ग सायकलने मोजतात. चाकाला मोजयंत्र लावतात, टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ते आधी पडताळतात आणि मग प्रत्येक वळण आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या वाटेने घेतात. वर अंतर कमी भरू नये म्हणून दर हजार मीटरमागे एक मीटर जादा धरतात, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला सुमारे ४२ मीटर. तुम्ही मात्र पाण्यासाठी डावीकडे, सेल्फीसाठी उजवीकडे. ते जास्तीचं अंतर तुमच्याच पायांनी कापलेलं असतं. उरलेली भर पेडर रोडच्या उंच इमारती घालतात. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि नकाशावर तुम्ही कुणाच्या तरी दिवाणखान्यातून धावलेले दिसता! क्षणाक्षणाचा पेस तर त्याहून बेभरवशाचा. तो आकडा मी स्क्रीनवरून काढूनच टाकलाय. किलोमीटरची पाटी आली की लॅपचं बटण हाताने दाबते.