“बाई, मला झोपच आली!”

घरातलं मूल बाहेरगावी शिकायला गेलं, की आपल्याला दोन काळज्या लागतात. एक जेवणाची, दुसरी संगतीची. तिसऱ्या गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही. ते मूल तिथं असं काहीतरी बघतं, ऐकतं, जे आपल्या घरात कधी दिसलं नाही की वाजलं नाही. ते कळालं नाही, तर “आपण लहान गावचे, आपल्याला काय कळणार” असं ते मनाशी धरून बसतं, आणि घरी सांगत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, वडील रेल्वेत, सध्या पुण्याला कॉलेजात आहे. सुट्टीत ती तिथल्या एका चित्रपट रसास्वाद वर्गाला बसली. पुण्यात अशा वर्गांची परंपरा जुनी आहे. फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर आणि फिल्म आर्काइव्हचे पी. के. नायर यांनी ती रुजवली. पूर्णा जंक्शनला उतरली ती थेट माझ्याकडे. म्हणाली, “बाई, मला झोपच आली बघा! बाकीचे सगळे माना डोलावत होते. मीपण डोलावली.” मला वाईट वाटलं ते त्या खोट्या मान डोलावण्याचं. झोपेचं काय, झोप माणसाला येतेच.

तिला दाखवला होता मणी कौल यांचा १९७० सालचा ‘उसकी रोटी’. गाणी नाहीत, मारामारी नाही, माणसं एकेक वाक्य सावकाश, चढउतार न करता बोलतात. मी विचारलं, “अर्थ राहू दे. दिसलं काय ते सांग.” मग हळूहळू बोलू लागली. पंजाबातलं खेडं. नवरा बस चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. बायको रोज त्याच्या रोट्या बांधून सडकेवर उभी राहते. एक दिवस घरच्या अडचणीपायी तिला उशीर होतो, तो रागावतो, आणि ती रात्र पडेपर्यंत तिथंच थांबते.

आता सांगा मैत्रिणींनो, परभणी, नांदेड, हिंगोली अशा तिन्ही दिशांना गाड्या सोडणाऱ्या आमच्या गावातल्या बाईला हे काय नवीन आहे? गाडी लेट, ड्यूटी वाढलेली, डबा गार झालेला! त्या मुलीची आई शेजारी बसून ऐकत होती. पटकन म्हणाली, “मग त्यात न कळण्यासारखं काय गं? वाट बघताना वेळ असाच जातो की.” पोरगी आईकडे बघतच राहिली. वर्गात तासभर सांगून जे समजलं नव्हतं, ते आईनं एका वाक्यात सांगितलं.

मला विचाराल तर तो चित्रपट काही ठिकाणी ताणलेला वाटतोच. पण हे म्हणायचा हक्क बघितल्यावर मिळतो.

संगीताचंही तसंच. मणी कौल स्वतः ध्रुपद शिकले होते. १९८२ साली त्यांनी ‘ध्रुपद’ नावाचा माहितीपट केला. त्यात झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा आणि त्यांचे बंधू फरिदुद्दीन यांचं गाणं आहे. मोठ्या डागरांनी आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल काढलं होतं. या गाण्यात आधी नुसता आलाप चालतो. शब्द नाहीत, ठेका नाही, एकेक सूर उलगडत जातो. पखवाज फार उशिरा येतो. सिनेगीताच्या तीन मिनिटांना सरावलेल्या कानाला वाटतं, अजून सुरू का होत नाही? अहो, सुरू झालेलंच असतं! ज्वारी निवडायला बसाल तेव्हा लावून बघा, हात चालू असले की कान निवांत होतात.

तिसरी गोष्ट व्हिडिओ-कलेची, आणि तीच मला जास्त आवडली. नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणीत घर सोडून इकडे आल्या. पोखरणच्या १९९८ सालच्या अणुचाचणीनंतर त्यांनी मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ कथेवरून एक मांडणशिल्प केलं. पत्र्याच्या ट्रंका, त्यांत टीव्हीचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, एक इकडची, एक तिकडची. मधे सगळी खोली मोकळी, आणि दोघी मिळून एका साडीची घडी घालू बघतात. साडीची घडी दोघींनी घालायला समोरची किती जवळ यावी लागते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चित्रफितीवर हे बघून पोरीला प्रश्न पडला होता, “यात कला काय?” तिच्या आईनं काहीच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “मग घडी पडते का त्यांची?”

तेव्हा मूल असलं काही घेऊन घरी आलं, तर “याचा नोकरीला उपयोग काय” हे लगेच विचारू नका. “कळालं का?” हेही नको, त्याला परीक्षेचा वास येतो. “काय दिसलं, काय ऐकलं, कुठं कंटाळा आला” एवढंच विचारा. कंटाळा आला म्हणाली तर हसू नका. जमलं तर रात्रीची भांडी उरकल्यावर दिवा मालवून दोघी मिळून बघा. मोबाइलवर नको, टीव्हीवर, कारण अशा चित्रपटात कोपऱ्यातलंही बघायचं असतं. मधेच उठावंसं वाटलं तर खुशाल उठा. चहा टाका, आणि राहिलेला दुसऱ्या दिवशी बघा.