शिवी कुणाला, अनुदान कुणाला?

डुक्कर घाणेरडं नाही, दोस्तहो. त्याला घाम सुटत नाही, म्हणून अंग गार करायला ते चिखलात लोळतं. पुरेशी जागा द्या आणि बघा. झोपायच्या कोपऱ्यात ते हगत नाही. ११४ दिवस भरत आले की डुकरीण तोंडानं गवत ओढून विण्याची जागा रचते. तिच्या अंगाखाली पिल्लं चेंगरू नयेत म्हणून कैकाड्याची बाई रात्र जागून काढते. हे शास्त्र तिला कुठल्या कॉलेजानं शिकवलं?

घाण गावाची. डुकरानं ती खाऊन निस्तरली, शिवी पाळणाऱ्याला. देवळात वराह अवतार, गल्लीत डुकराला धोंडा!

आता त्यातच पैसा दिसला. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात डुक्करपालनाला ५० टक्के अनुदान, कमाल ३० लाख. पण हिशेब पन्नास-शंभर माद्यांचा. वर जमीन दाखव, कर्ज दाखव. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या डुकरं राखली, त्याचा सातबारा कुठाय?

आणि आपल्यातले शिकलेले? तेही कैकाड्याच्या पोराला पाहून नाक मुरडतात. ते नाक आधी सरळ करा. मग मागा : पाच डुकरिणींच्या धन्यालाही अनुदान, आणि डुकरांपुरती जागा गायरानात!