नाजूक त्वचेचा शाम्पू विकायचाय? आधी ‘केमिकल फ्री’चं वेड सोडा



घरगुती शाम्पू शिकवायला घेतला की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो : “सर, नाजूक त्वचेसाठी बनवतोय, मग प्रिझर्व्हेटिव्ह नको ना?” माझं मत उलटं आहे. नाजूक त्वचेसाठी बनवताय म्हणूनच ते हवं.

सुरुवातीला मीही चुकलोय. रिठा-शिकेकाई रात्रभर भिजवली, उकळली, गाळली, त्यात कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर घातला आणि ‘टिकावं’ म्हणून व्हिटॅमिन ई च्या दोन कॅप्सूल फोडल्या. केस छान झाले. खुशीत एक बाटली मेहुणीला दिली. नवव्या दिवशी तिचा फोन : “भाऊजी, बाटली फुगलीय आणि आंबूस वास येतोय.” नशीब, तिने वास घेतला, डोक्याला लावलं नाही!

व्हिटॅमिन ई तेल खवट होण्यापासून वाचवतं, पाण्यात वाढणारे जंतू आणि बुरशी त्याने मरत नाहीत. आपली आजी रिठा उकळायची तो त्या दिवशीच्या न्हाण्यापुरता. बाटलीत भरून महिनाभर बाथरूममध्ये ठेवत नव्हती. आणि ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ हेही खरं नाही; रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलेलं आठवतंय ना?

मग सौम्यपणा येतो कुठून? फेस आणणाऱ्या घटकातून आणि पीएचमधून. टाळूचा पीएच साधारण ५.५ असतो. साबणाचा ९ ते १०, आणि तो खाली आणायला गेलं तर साबणच फुटतो. म्हणून लिक्विड सोपला शाम्पू म्हणून विकू नका.

मी शिकवतो तो एक किलोचा साधा फॉर्म्युला असा : डेसिल ग्लुकोसाइड २०० ग्रॅम, कोको बीटेन (पूर्ण नाव कोकॅमिडोप्रोपिल बीटेन) १०० ग्रॅम, ग्लिसरीन २० ग्रॅम, झँथन गम १० ग्रॅम, सोडियम बेंझोएट ५ ग्रॅम, पोटॅशियम सॉर्बेट २ ग्रॅम, सायट्रिक अॅसिड लागेल तसं, बाकी डिस्टिल्ड वॉटर. सगळं वजनावर मोजायचं, चमच्यावर नाही. आधी दोन्ही प्रिझर्व्हेटिव्ह पाण्यात विरघळवा. गम ग्लिसरीनमध्ये कालवून घाला, नाहीतर गुठळ्या होतात. मग ग्लुकोसाइड आणि बीटेन, हळू ढवळत. घट्ट करायला मीठ टाकू नका, ग्लुकोसाइडवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता खरी गोम. डेसिल ग्लुकोसाइडचा स्वतःचा पीएच ११ च्या वर असतो, त्यामुळे तयार मिश्रण अल्कलीच राहतं. सायट्रिक अॅसिडचं पाणी थोडं थोडं घालत, मीटरने मोजत ते ५ वर आणायचं. बेंझोएट आणि सॉर्बेट आम्लातच काम करतात. पीएच ७ वर सोडलात तर प्रिझर्व्हेटिव्ह घातलं काय, न घातलं काय, सारखंच! ‘घालूनही खराब झालं’ असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पीएच मोजलेलाच नसतो. मीटर नसेल तर आधी तो घ्या, सुंदर लेबल नंतर.

सुगंध? या शाम्पूत नकोच. टी ट्री, लेमनग्रासची तेलंही काहींच्या त्वचेला झोंबतात. वासाशिवाय गिऱ्हाईक घेत नाही म्हणतात, पण ज्याच्या टाळूची आग होते ते गिऱ्हाईक बिनवासाचंच शोधत असतं. आणि लेबलवर घटकांची पूर्ण नावं लिहा. एखाद्याला बीटेनचीही अॅलर्जी असू शकते, त्याला वाचून कळलं पाहिजे.

एक कडू गोष्ट. स्वतःपुरता शाम्पू करा, कोणी विचारत नाही. विकायचा असेल तर तो कॉस्मेटिक ठरतो आणि कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. अर्ज सीओएस-५ मध्ये, परवाना सीओएस-८ मध्ये. उद्यम नोंदणी किंवा खाद्यपदार्थांचा परवाना त्याच्या जागी चालत नाही. ‘एक्झिमा बरा होतो’ असंही लेबलवर लिहायचं नाही.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी हे ऐकून दोन दिवस तोंड पाडलं होतं. जागा, यंत्रं, तांत्रिक माणूस, एवढा खर्च लगेच झेपणारा नव्हता. मग त्यांनी परवाना असलेल्या एका कारखान्याकडून स्वतःच्या फॉर्म्युल्याची छोटी बॅच करून घ्यायचं ठरवलं. प्रति बाटली नफा कमी सुटतो, हे खरं. पण लॅबमधून जंतूंची तपासणी करून घेतल्याशिवाय त्या माल उचलत नाहीत, आणि प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या तारीख टाकून कपाटात ठेवतात. पहिल्या बॅचच्या बाटल्या परवा त्यांनी मला उघडून दाखवल्या. सहा महिने झालेत, वास नाही, बुरशी नाही, पीएच अजून ५ च्या आसपास. आता त्या दुसऱ्या बॅचचे पैसे जमवतायत.