परदेशस्थ रुग्णाचा देश कोणता?

वैद्याच्या नोंदवहीत अलीकडे अशा रुग्णांची भर पडत आहे, की ज्यांची नाडी त्याला हाती धरता येत नाही. नेवाशासारख्या तालुक्याच्या गावीही हे घडते. उसावर आणि कांद्यावर वाढलेल्या घरांतील मुले अभियंते होऊन इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे स्थिरावली आहेत. प्रकृती बिघडली की त्यांचा पहिला दूरध्वनी आईला जातो आणि दुसरा आम्हांस येतो. अशा वेळी आपण बहुतेक वैद्य दोन गोष्टी करतो. गावातल्या रुग्णास जे पथ्य सांगतो तेच सांगतो, आणि औषधांचे पुडके कुरियरने रवाना करतो. या दोन्ही सवयी शास्त्राला धरून नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधालयांच्या मालकांस यातील दुसरा भाग रुचणार नाही. तरीही तो मांडणे भाग आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आरंभीच आहारविधीची आठ आयतने सांगितली. त्यांत देश आणि काल ही दोन स्वतंत्रपणे मोजली आहेत. चिकित्सास्थानाच्या अखेरच्या अध्यायात तर कोणत्या प्रदेशातील लोकांना काय सात्म्य आहे याची यादीच दिली आहे. बाह्लीक, यवन, शक यांना मांस, गहू आणि मद्य, पूर्वेकडच्यांना मासे, सैंधवांना दूध, अश्मक व अवंती येथील लोकांना तेल आणि आंबट. अश्मक जनपद गोदावरीच्या काठी मानले जाते, म्हणजे ते आमच्या शेजारचेच. तेल-तिखटाचा खर्डा खाणाऱ्या आमच्या तालुक्याकडे पाहिले की आचार्यांच्या निरीक्षणाचे कौतुक वाटते. यवनांच्या आहाराची माहिती त्या काळी कशी असेल, असा प्रश्न पडत असेल, तर १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया यांनी नेवाशात जे उत्खनन केले त्याची आठवण द्यावी. भूमध्य समुद्राकडून मद्य वा तेल घेऊन येणाऱ्या कुंभांची खापरे येथे प्रवरेच्या काठी सापडली आहेत. अन्न देश ओलांडून जाते, ही गोष्ट या मातीला नवीन नाही. असो.

आमच्या माहितीतील एक कुटुंब घेऊ. पती-पत्नी दोघे नोकरी करणारी, मुलगी सात वर्षांची, मुलगा तिकडेच जन्मलेला. उत्तर इंग्लंडातील एका शहरी त्यांचा संसार आहे. पहिल्या वर्षी चौघांच्याही तक्रारी आल्या. पतीस आध्मान व मलावष्टंभ, पत्नीस त्वचेची रूक्षता व निद्रानाश, मुलीस वारंवार प्रतिश्याय. पुढे आजीबाई सहा महिन्यांसाठी गेल्या आणि त्यांनी दूरध्वनीवर आम्हांस जो प्रश्न विचारला तो एखाद्या परिसंवादाचा विषय व्हावा असा होता. "डॉक्टर, तिकडं म्हणायचे दिवस मावळायच्या आत जेवा. इथं रातच्या साडेनवापर्यंत ऊन हाये. मग जेवायचं तरी कवा?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या अक्षांशावर जून महिन्यात सूर्य पहाटे पाचच्या आधी उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. डिसेंबरात तो सकाळी आठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळलेला असतो. म्हणजे "सूर्यास्तापूर्वी भोजन" हा नियम उन्हाळ्यात रात्री नऊला जेवण्याची मोकळीक देतो आणि हिवाळ्यात दुपारी साडेतीनलाच ताट वाढायला लावतो. ब्राह्ममुहूर्ताचेही तेच. आषाढात तेथे तो पहाटे तीनच्या सुमारास येतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीने तेव्हा उठावे असे सांगणारा वैद्य तिच्या निद्रानाशास हातभारच लावील. आचार्यांचा मूळ निकष मात्र सूर्यावर अवलंबून नाही. आधीचे अन्न जिरल्यावर जेवावे, हा तो निकष होय. उद्गारशुद्धी, उत्साह, वेगांची यथोचित प्रवृत्ती, लघुता, क्षुधा, पिपासा ही जीर्णाहाराची लक्षणे जगात कोठेही तपासता येतात. आजीबाईंना आम्ही सांगितले, की घरातली माणसे दहाला निजतात ना, मग सातला जेवा. ऊन बाहेर असू द्या, खिडकीचे पडदे ओढून घ्या.

हेमंताविषयी याहून अवघड प्रश्न उभा राहतो. थंडीने अग्नी कोष्ठात कोंडला जाऊन बलवान होतो, म्हणून गुरू व स्निग्ध आहार घ्यावा, हे आपण सर्वांना सांगतो. परंतु परदेशी राहणारा मनुष्य थंडीत असतो तरी किती वेळ? घर तापवलेले, मोटार तापवलेली, कचेरी तापवलेली. बाहेर हिमवर्षाव होत असताना त्याचे शरीर दिवसाचे तेवीस तास आपल्या फाल्गुनासारख्या हवेत वावरते, आणि तीही यंत्राने कोरडी केलेली. अशा माणसाचा अग्नी हेमंतातला समजून त्यास डिंकाचे व मेथीचे लाडू सुचविले तर आमच्या त्या गृहस्थासारखे आध्मानच पदरी पडते. आमच्या मते अशा घरात आहार शिशिर सरताना जसा असावा तसा, बेताचा व उष्ण ठेवावा. रूक्षतेचा प्रतिकार मात्र बाह्य स्नेहनाने करावा. हे मत वादग्रस्त आहे याची आम्हांस कल्पना आहे. ज्यांचा अनुभव निराळा असेल त्यांनी अवश्य लिहावे.

बाह्य स्नेहन म्हटले तरी ते तेथे सरळ नाही. तिळाचे तेल म्हणून तेथील सामान्य दुकानात अनेकदा भाजलेल्या तिळाचे काळसर, उग्र वासाचे तेल मिळते. ते चिनी-जपानी पाककृतींत वास येण्यासाठी वापरतात, अभ्यंगासाठी नव्हे. "तिळाचे तेल लावा" एवढेच सांगितले तर रुग्ण तेच अंगाला चोळतो. न भाजलेल्या तिळाचे, फिकट रंगाचे तेल घ्या, असे स्पष्ट सांगावे लागते. शिवाय तेथील स्नानगृहात उभ्याने स्नान करावयाचे ते एका गुळगुळीत टबात. सत्तरीच्या आजीबाई तेल लावून त्यात उभ्या राहिल्या तर वातशमनाऐवजी कटिभग्नाची चिकित्सा करण्याची वेळ येते. तेथे तळपायास तेल निजताना लावावे व वर मोजे घालावेत, हेच बरे. धूपनाचीही तीच कथा. ओव्याची धुरी दिली की छतावरील धुराची घंटा वाजते आणि शेजारी धावत येतात. कित्येक घरांत फोडणीनेही ती वाजते.

आता अन्न. "आपले तेच खा" हा सल्ला ऐकण्यास गोड आहे. तेथील भारतीय दुकानांत बाजरीचे पीठ मिळते. परंतु बाजरीचे पीठ किती लवकर कडू होते हे आपल्याकडील कोणतीही गृहिणी सांगेल. येथून दळून, बांधून, जहाजाने गेलेले पीठ किती महिन्यांचे असेल याचा विचार करावा. त्यापेक्षा ज्वारीचे पीठ टिकाऊ. त्याहून उत्तम म्हणजे यव. ज्याची आपल्या ग्रंथांत पानोपानी स्तुती आहे तो यव आपल्या गावात मागितला तर वाण्याला शोधावा लागतो, आणि इंग्लंडात तो प्रत्येक दुकानात रास्त दरात मिळतो. त्या कुटुंबाने भाकरीचा हट्ट निम्मा सोडला, यवाची पेज व मुगाचे कढण सुरू केले, आणि गृहस्थांचा मलावष्टंभ औषधावाचून हटला. तुपाचेही तसेच. भारतातून दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे. घरच्या लोणकढ्या तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतला जातो. परंतु तेथील लोणी चांगले असते. मीठ न घातलेले लोणी घेऊन कढवावे, एवढे सांगितले की काम झाले.

दोघे नोकरीला असल्याने रविवारी सहा दिवसांचा स्वयंपाक होतो व तो शीतपेटीत राहतो. पर्युषित अन्न म्हणून यावर टीका करणे सोपे. पण त्या सूनबाईंची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणावी. आम्ही एवढेच सुचविले, की भाजी व वरण साठवले तरी भात रोज ताजा व्हावा. शिजलेला भात बराच वेळ बाहेर ठेवून पुन्हा तापविल्याने होणारी विषबाधा आधुनिक शास्त्रासही ठाऊक आहे. साठविलेले अन्न वाफा येईपर्यंत तापवावे आणि सोबत आले-जिऱ्याचे ताजे, गरम ताक वा कढण असावे.

नवे घ्यावे तरी किती व केव्हा? चरकाचार्यांनी सूत्रस्थानात पादांशिक क्रम सांगितला आहे. जुन्यातील चतुर्थांश सोडावा, नव्यातील चतुर्थांश घ्यावा, मध्ये अंतर ठेवावे, आणि असे करीत पुढे जावे. अंतर किती दिवसांचे याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. पण तत्त्व निर्विवाद आहे. आपण हा क्रम व्यसनमुक्तीसाठी सांगतो. स्थलांतरितांसाठी तो सांगताना मात्र आम्ही फारसे कोणास ऐकलेले नाही.

या संदर्भात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्या अमेरिकेस गेल्या. आहार शाकाहारीच ठेवण्याचा त्यांचा निश्चय होता. थंडीत पाय झाकले जावेत म्हणून नेसण्याची पद्धत बदलण्याइतका व्यवहार त्यांनी दाखविला. अन्नाच्या बाबतीत मात्र परक्या देशात शाकाहारी विद्यार्थिनीस काय खावे हे सांगणारे कोणी नव्हते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात राजयक्ष्म्याने त्यांचे निधन झाले. त्या व्याधीचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्येच दाखविला होता. त्यामुळे सारा दोष आहारावर टाकणे योग्य नव्हे, आणि जाण्यापूर्वीही त्यांची प्रकृती धडधाकट नव्हती. तरी साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन ही यक्ष्म्याची चार कारणे वाचताना शेवटच्या शब्दापाशी आम्ही दरवेळी थांबतो. बावीसही पूर्ण न झालेल्या त्या विदुषीस देश जाणणारा एखादा वैद्य भेटता तर, हा विचार मनातून जात नाही.

मुलांविषयी एक मुद्दा निकराने मांडावयाचा आहे. ज्या देशात प्राणी जन्मतो त्या देशातील औषध त्यास हितकर, हे वचन आपण परदेशी औषधांविरुद्ध भाषणांत नेहमी वापरतो. मग इंग्लंडात जन्मलेल्या नातवाचा देश कोणता? त्या वचनाशी प्रामाणिक राहावयाचे, तर तेथील यव, तेथील गाजर, तेथील सफरचंद हेच त्याचे हितकर होय. आणि तेथील सूर्यही त्याचाच, जो हिवाळ्यात त्वचेस पुरत नाही. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या मुलांत त्या देशी १९६० व १९७० च्या दशकांत मुडदूस आढळला होता. तेथील आरोग्यसेवा शरद व हेमंतात सर्वांनाच, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर, ड जीवनसत्त्व घेण्याविषयी सांगते. "ते थेंब बंद करा, आम्ही प्रवाळ पाठवितो," असा सल्ला एका वैद्याने दिल्याचे आमच्या कानी आले आहे. हा सल्ला घातक आहे. शाकाहारी कुटुंबाच्या ब१२ विषयीही हेच म्हणावे लागेल.

यावरून पुडक्यांच्या प्रश्नाकडे येतो. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. २००८ साली इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांतही प्रमाण सुमारे एकपंचमांशच निघाले, आणि रसौषधींत ते अधिक होते. आपल्या शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शोधन-मारणाविषयी आपली जी श्रद्धा व जो अभ्यास आहे तो आपल्याजागी. तेथील प्रयोगशाळा भस्मातील शिसे शिसे म्हणूनच मोजते. एखाद्या बालकाच्या रक्तात ते आढळले तर चौकशीस तोंड त्याच्या आईला द्यावे लागते, पुडके धाडणाऱ्या औषधालयाला नव्हे. बिनलेबलाच्या पुड्या, हाताने लिहिलेली नावे, कपड्यांच्या घडीत दडविलेल्या गोळ्या हे सर्व थांबले पाहिजे. रसौषधी परदेशी बालकास व गर्भिणीस पाठवूच नयेत. जे पाठवावयाचे ते परवानाधारक कारखान्याचे, घटकांची यादी व तपासणी अहवाल यांसह, आणि त्या देशाचे नियम विचारून पाठवावे. विक्री घटेल हे खरे. पण त्या कुटुंबास वर्षभरात जे लागले त्यातील बहुतेक सर्व त्यांच्याच गल्लीतील दुकानात मिळाले.

परदेशस्थ रुग्णास विचारावयाच्या प्रश्नांचा एक छापील कागद संघटनेने काढावा, अशी आमची सूचना आहे. घरातील उष्णता किती ठेवता, दिवसातून किती वेळ उघड्या हवेत असता, अन्न कधी शिजते व कधी खाल्ले जाते, दुकानात कोणती धान्ये मिळतात, तेथील डॉक्टरांनी काय चालू केले आहे, मुले कोठे जन्मली, एवढे तरी त्यात असावे. नमुना आम्ही संघटनेच्या कार्यालयाकडे पाठविला आहे. थंड प्रदेशांचाच अनुभव आमच्यापाशी आहे. ज्यांचे रुग्ण आखाती देशांत वा सिंगापुरात आहेत, अशा वैद्यबंधूंनी त्यात भर घालावी.