कावळा आळशी होता, कशावरून?

तिसरी-चौथीच्या वह्या उघडा आणि 'पात्राविषयी लिहा' या प्रश्नाखालची उत्तरं वाचा. चिमणी कष्टाळू, हुशार व नीटनेटकी होती. कावळा आळशी व निष्काळजी होता. यावरून आपल्याला असा बोध मिळतो की... वर्गातल्या झाडून सगळ्या वह्यांत हेच, आणि तेही चुकांसकट. फळ्यावरून उतरवताना पहिल्या बाकावर 'निष्काळजी'चा 'नि' दीर्घ झाला की शेवटच्या बाकापर्यंत तो दीर्घच जातो. खाली लाल शाईत 'छान'.

या पद्धतीची बाजू घेणारे काही मूर्ख नव्हेत, तेव्हा त्यांचं म्हणणं आधी नीट मांडू. मुलं लहान आहेत, स्वभाव ही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट; म्हणून आधी शब्द हातात द्यावेत, विचार मोठेपणी येईल. दुसरं, गोष्ट शिकवायची ती संस्कारासाठी. मुलं पात्रांची चिरफाड करू लागली तर बोध राहील बाजूला. आणि तिसरं, एवढ्या वह्या तपासणार कोण?

पहिला मुद्दा काऊचिऊच्या गोष्टीवरच घासून पाहू. या गोष्टीत कावळा आळशी असल्याचं कुठं आहे? त्याचं घर शेणाचं, तिचं मेणाचं. पाऊस आला, त्याचं वाहून गेलं. बस्स. शेणाचं घर बांधायला कष्ट पडत नाहीत, असं गोष्ट सांगत नाही. 'आळशी' हा शब्द मोठ्यांनी बाहेरून आणून कावळ्याला चिकटवला. उलट गोष्टीत जे ऐसपैस आहे, ते उत्तरात औषधालाही नाही: बाहेर भिजणारा कावळा दार वाजवतोय आणि आत बाळाची अंघोळ, तीटकाजळ, झोपवणं सावकाश चाललंय. (पुढं कावळ्याचं काय होतं ते घरोघरी वेगळं.) गोष्ट ऐकणारं लहान पोर नेमकं इथंच विचारतं, 'ती दार का उघडत नाही?' पात्राविषयीचा विचार म्हणतात तो हाच. तो मुलाला येतो. वहीत त्याला जागा नसते, एवढंच.

शब्द आधी देण्याचा तोटाही इथंच दिसतो. भोपळ्यात बसून परत येणारी म्हातारी वाघाला 'लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा' असं सांगून निसटते. तीही वहीत 'हुशार'. चिमणी वेळ काढते, म्हातारीही वेळ काढते. पण एकीचा जीव जायची वेळ आहे आणि दुसरीच्या दाराशी शेजारी भिजतोय. दोघींना एकच शब्द लावला की हा सगळा फरक पुसला जातो. म्हातारी खोटं बोलली का, आणि बोलली तर ती वाईट का, यावर तिसरीचा वर्ग हमरीतुमरीवर येऊ शकतो. येऊ द्यावा.

संस्कारवाल्यांना उत्तर द्यायला मी साने गुरुजींनाच बोलावतो; त्यांच्यावर संस्कारद्रोहाचा आरोप कोणी करणार नाही. १९३५ साली आलेल्या 'श्यामची आई'मधली अळणी भाजीची गोष्ट घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील मिठाविषयी चकार शब्द न काढता जेवतात, ते बोलत नाहीत म्हणून मुलंही गप्प. शेवटी आई जेवायला बसते आणि तिला कळतं. 'वडील प्रेमळ होते' हे वाक्य चुकीचं नाही, पण ते गोष्ट न वाचताही लिहिता येतं. आता चौथीच्या मुलांना विचारा, की मीठ मागितलं असतं तर आईला जास्त वाईट वाटलं असतं, की नंतर कळल्यावर वाटलं ते जास्त? वडील बरोबर होते का? एखादी लिहील, 'वडिलांनी आईचं मन राखलं, पण आपण सगळ्यांना अळणी वाढलं याचं तिला वाईट वाटलंच.' त्या एका 'पण'मध्ये जो संस्कार आहे, तो बोधाच्या दहा ओळींत नाही.

इथं नव्या फॅशनचाही समाचार घेतला पाहिजे. हल्ली कार्डशीटवर फूल काढतात, मध्ये पात्राचं नाव, पाकळ्यांत विशेषणं. रंगीत खडूंनी लिहिलेलं गाईडच ते! आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न, 'तू असतास तर काय केलं असतंस?' उत्तर ठरलेलं: मी लगेच दार उघडलं असतं, मी मदत केली असती. मूल स्वतःला शहाणं ठरवून मोकळं होतं आणि चिमणीकडं ढुंकून बघत नाही.

मग करायचं काय? विशेषण शेवटी आणायचं. आधी पात्रानं काय केलं, काय म्हटलं आणि काय करायचं टाळलं, ते गोष्टीत बोट ठेवून दाखवायला सांगायचं. मग मुलानं स्वतःचा शब्द काढायचा, तो 'आगाऊ' किंवा 'चिकट' निघाला तरी चालेल. त्यावर गुरुजींनी किंवा बाईंनी एकच विचारायचं: कशावरून? 'चिमणी घाबरट आहे, कारण ती बाळाला सोडून दाराकडं यायला तयार नाही' असं कुणी लिहिलं तर ते मान्य करायचं, आपल्या मनात नसलं तरी. शेजारचा म्हणेल, घाबरट नाही, कामात होती. मग दोघांनी पुन्हा गोष्टीकडं जायचं. लिहिणं या भांडणानंतर, चार ओळी पुरेत. पहिल्या खेपेला ऱ्हस्वदीर्घावर लाल शाई फिरवू नये. फिरवली की मूल पुन्हा फळ्याकडं बघू लागतं.

शब्दसंग्रहाची काळजी असणाऱ्यांनी शब्द जरूर द्यावेत, पण मुलाचा शब्द अपुरा पडल्यावर. 'म्हातारी खोटारडी आहे पण चांगली आहे' असं लिहून अडलेल्या पोराला 'चतुर' हा शब्द त्या क्षणी दिला तर तो त्याला जन्मभर पुरतो.

राहिला वह्यांचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असला, तरी एका शिक्षकाकडं दोन-दोन इयत्ता असतात, हे मला ठाऊक आहे. पण एकसारखी उत्तरं तपासण्यातही वेळ जातोच, आणि त्यातून एकाही मुलाविषयी काही कळत नाही. आपल्याकडच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक नोंदी आहेत, त्यांत तोंडी काम धरलं जातं. आज सहा मुलांना 'कशावरून' विचारलं, उद्या दुसऱ्या सहांना, आणि नोंदवहीत त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपली, तर त्यासाठी वेगळ्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.