आमची हायस्कुले आणि कॉलेजचे पहिले वर्ष

दहावीचा निकाल लागला म्हणजे गावोगाव पेढे वाटले जातात, आणि ज्या घरांतील कोणी आजवर शाळेची शेवटची पायरी चढले नव्हते त्या घरांतील मुलामुलींची नावे चौकातील फलकांवर झळकू लागतात. हे पाहून आनंद होणार नाही असा मनुष्य विरळा. 2025 सालच्या 13 मे रोजी लागलेल्या निकालात राज्यातील 94.10 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांतही मुलींचे प्रमाण 96.14 व मुलांचे 92.31. त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले, म्हणजे सोनगीरच्या विद्यार्थ्यास व मुंबईच्या विद्यार्थ्यास एकच अर्ज भरावा लागला. दार सर्वांस सारखे उघडले ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु दारातून आत गेलेल्या मुलाचे पुढे वर्षभरात काय होते, ह्याची वास्तपुस्त करणारे आम्हांस फारसे कोणी आढळत नाही. दहावीस भरघोस गुण मिळवून सोनगीरहून वीस किलोमीटरवरील धुळ्यास शास्त्रशाखेत गेलेला मुलगा दिवाळीच्या सुमारास पुस्तक मिटून बसतो, आणि घरची मंडळी त्यास आळशी ठरवून मोकळी होतात. आमच्या मते तो आळशी नाही. जे ओझे त्यास उचलावयाचे होते त्याची सवय त्यास कोणी लावलीच नव्हती; 'तू तयार आहेस' असा शिक्का मारलेला कागद मात्र त्याच्या हाती दिला होता.

ह्या शिक्क्याची खरी किंमत किती, हे ठरविण्यास फार दूर जावयास नको. 2018 साली दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे ह्या विषयांतील, शाळेने आपल्या हातून द्यावयाचे वीस गुण काढून टाकण्यात आले. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता. निकाल एकदम 77.10 टक्क्यांवर आला. चोहोकडे ओरड झाली, वीस गुण परत देण्यात आले, आणि 2020 साली तोच निकाल 95.30 टक्के झाला. त्या वर्षी साथीमुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता व त्याचे गुण सरासरीने दिले होते, हेही सांगितले पाहिजे. 2021 साली तर परीक्षाच झाली नाही, तेव्हा 99.95 टक्के उत्तीर्ण! आमचे पुष्कळसे वाचक व्यापारी आहेत. पारड्यात एक दगड ठेवला अथवा काढला म्हणजे ज्या मालाचे वजन इतके बदलते, तो माल ते डोळे मिटून घेतील काय? शाळा त्याच, शिक्षक तेच, गावे तीच. दोन वर्षांत मुलांची बुद्धी एवढी खालीवर झाली असे मानण्यास आम्ही तयार नाही. 2010 पासून सहांपैकी उत्तम पाच विषयांचेच गुण टक्केवारीस धरण्याची सवलत आहे, तिने तर कच्चा विषय झाकून ठेवण्याची सोय राजमान्य केली. 2019 च्या त्या ओरडीत 'गुण परत द्या' असे म्हणणारे पुष्कळ निघाले. शंभरांतील जी बारा मुले ह्या वीस गुणांच्या आधारावाचून खाली पडली त्यांस नक्की काय येत नव्हते, हा प्रश्न विचारणारे आमच्या पाहण्यात आले नाहीत.

पूर्वीची मॅट्रिक खरी होती व हल्लीची परीक्षा खोटी, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले व 1859 साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तीत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी वीस-बावीसच्या पलीकडे नव्हते, रानडे त्यांतलेच. इतकी कडक चाळण लावूनही 1902 सालच्या युनिव्हर्सिटी कमिशनने तक्रार केली ती हीच की, मॅट्रिक झालेल्या मुलांस कॉलेजातील इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत. तेव्हा रोग जुना आहे. पण जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठ घेत असे, म्हणजे माल घेणारा स्वतः वजन करून घेत असे. 1949 सालापासून शालान्त परीक्षा वेगळ्या मंडळाकडे गेली, आणि घेणाऱ्याचा तराजू सुटला. शाळा ही काही केवळ कॉलेजचे उंबरठे झिजविण्याकरिता नाही, बहुजनसमाजाच्या मुलांस व्यवहारोपयोगी शिक्षण मिळाले पाहिजे, ह्या विचाराने तो फरक झाला व तो विचार योग्यच होता. मात्र ज्यांस पुढे शिकावयाचे आहे त्यांची तयारी झाली की नाही हे पाहणारा त्यानंतर कोणी उरला नाही.

ही पोकळी भरण्यासाठीच अकरावी-बारावीची योजना झाली. 1917 साली नेमलेल्या सॅडलर कमिशनचे म्हणणे असे पडले की, शाळा व विद्यापीठ ह्यांमधील खरी सीमा मॅट्रिक नसून इंटरमीजिएट आहे. ही मधली दोन वर्षे विद्यापीठातून काढून शाळेच्या पद्धतीने शिकविली पाहिजेत. कोठारी आयोगाने 1964 ते 1966 ह्या काळात तोच विचार पुढे नेला, आणि महाराष्ट्रात 1975 साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली. हेतू असा की, ह्या दोन वर्षांत मुलाने शाळेचे बोट सोडून स्वतःच्या पायांवर चालावयास शिकावे. प्रत्यक्षात झाले काय? ही दोन वर्षे काही ठिकाणी शाळेस जोडली, काही ठिकाणी कॉलेजास. शाळेची शिस्त त्यांस नाही व कॉलेजची विद्या त्यांस नाही. वैद्यकीस जावयाचे तर नीट, अभियांत्रिकीस जावयाचे तर सीईटी. राज्याच्या सीईटीत अकरावीच्या भागास वीस टक्के व बारावीच्या भागास ऐंशी टक्के वजन. अकरावीच्या वर्षास मग वाली कोण राहणार? ज्या वर्षी मुलगा सर्वांत अधिक अडखळतो, तेच वर्ष आम्ही बिनमहत्त्वाचे ठरवून बसलो आहोत.

खानदेशातील मुलाच्या वाट्यास आणखी एक अडचण येते, तिचा उल्लेख पुण्यामुंबईच्या पत्रांत क्वचित होतो. येथील हजारो घरांत अहिराणी बोलतात. घरी 'मना-तुना' म्हणणारे मूल शाळेत 'माझा-तुझा' शिकते. ही पहिली पायरी. ती चढून पुस्तकी मराठीत ते कोठे स्थिर होते न होते तोच अकरावीस शास्त्रशाखेत सर्व कारभार इंग्रजीतून सुरू होतो. दहावीस ज्याने 'त्वरण' म्हणजे काय हे नीट समजून घेतले होते, तो मुलगा 'अ‍ॅक्सिलरेशन' ऐकून आपल्यास काहीच येत नाही असे समजू लागतो. येत असते; नाव ठाऊक नसते, एवढेच. पण वर्गात साठ-सत्तर मुले असताना हे त्यास सांगणार कोण? ह्यावर तोड म्हणून सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले. तेथे शब्द इंग्रजी, समजावणी मराठी, आणि चार ओळी स्वतःच्या वाक्यात लिहावयास सांगितल्या तर दोन्ही भाषांत पंचाईत, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी दिसते. 1990 साली स्थापन झालेल्या आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास 2018 साली कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव दिले गेले. ज्या बाईस अक्षरओळख नव्हती व जिने खानदेशच्या बोलीत आपले ज्ञान सांगितले, तिचे नाव विद्यापीठास शोभतेच. परंतु त्याच बोलीत वाढलेले मूल त्या विद्यापीठाच्या वर्गात तोंड उघडण्यास भिते, ह्याचा विचार नाव देणाऱ्यांनी केला काय? 2021 पासून अभियांत्रिकीचे शिक्षण देशी भाषांतून देण्यास परवानगी आहे. पाऊल योग्य आहे. तथापि पुढील ग्रंथ व नोकऱ्या इंग्रजीत आहेत तोवर आईबाप त्या वाटेस फारसे जाणार नाहीत. पहिलीपासून इंग्रजी शाळा काढा, हा उपायही आम्हांस पसंत नाही. पाया घरच्या भाषेतच घातला पाहिजे. आठवीपासून मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द ठेवून, तीच गोष्ट दोन्ही भाषांत वाचून लिहावयास लावणे, हे काम शाळेचे आहे व ते आज बहुधा होत नाही.

भाषेहूनही मोठी उणीव आहे ती एकट्याने वाचण्याची. कॉलेजात अध्यापक तासभर बोलून निघून जातो. त्यातील मुख्य काय हे टिपणे, घरी ग्रंथ उघडून राहिलेले पुरे करणे, आणि न पाहिलेल्या प्रश्नास स्वतःच्या शब्दांत उत्तर देणे, एवढी तीनच कामे तेथे आहेत. आमच्या हायस्कुलात ह्यांपैकी एकही शिकवीत नाहीत. फळ्यावरचे उत्तर वहीत, वहीतले डोक्यात व डोक्यातले पेपरात, अशी वाहतूक दहा वर्षे चालते. आणि परीक्षा जवळ आली की अपेक्षित प्रश्नसंचांवर सारी भिस्त. सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव आहे. तेथील तांबट पत्रा तापवितो, ठोकतो, पुन्हा तापवितो. न तापविता नुसते ठोकीत गेले तर पत्रा कडक होऊन तडकतो हे त्यास ठाऊक असते. आपल्या मुलास धंदा शिकविताना तो त्याच्या हाती हातोडी देतो, तयार हंडा देऊन 'झालास तू कारागीर' असे म्हणत नाही. शाळेत आम्ही मुलांस तयार हंडेच देत आलो आहो.

दुसऱ्या प्रकारचा शिक्षक खानदेशाने पाहिलेला नाही असे नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 ह्या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, तेव्हा ते छात्रालयातील मुलांकरिता स्वतःच्या हाताने रोज एक दैनिक लिहून काढीत. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचण्याची गोडी मुलांस लागावी, एवढाच त्यात स्वार्थ. त्यास सरकारी खर्च लागला नाही, की परिपत्रक निघाले नाही. सर्व शिक्षक साने गुरुजी होणार नाहीत हे आम्ही जाणतो. निवडणुकीची, गणतीची व माहिती भरण्याची कामे शिक्षकांच्या गळ्यात बांधणाऱ्या सरकारास तशी अपेक्षा करण्याचा अधिकारही नाही. पण आठवड्यातून एक तास मुलांपुढे अनोळखी पुस्तक ठेवून गप्प बसणे कोणत्या शिक्षकास अशक्य आहे?

कोणी म्हणतील, ही उणीव खासगी क्लास भरून काढतात. भरून काढतात ते काय, हे पाहावे. नीटमध्ये 180 प्रश्न, सीईटीतही तसाच प्रकार; चार उत्तरांतून एक निवडावयाचे. बोर्डाची परीक्षा पाठ केलेले उतरविण्याची, क्लासची परीक्षा समोर दिसणाऱ्यातून निवडण्याची. कॉलेजात व पुढे धंद्यात लागते ते तिसरेच. आणि ह्या क्लासांच्या पायी किती पेढीवाल्यांनी व शेतकऱ्यांनी कर्ज काढले, ते आमच्या वाचकांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कॉलेजेही निर्दोष नाहीत. तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक, ज्याचे स्वतःचेच पुढील वर्षाचे ठिकाण पक्के नाही, तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास हात धरून कसा चालविणार?

ह्या साऱ्याचा मार सर्वांत अधिक मुलींस बसतो, म्हणून आम्ही हा विषय हाती घेतला. मुलगा पहिल्या वर्षी नापास झाला तर त्याचे एक वर्ष जाते. दुकानावर बसतो, पुन्हा फॉर्म भरतो. मुलगी नापास झाली की 'आता पुरे झाले' असे घरात बोलणे निघते व स्थळे पाहावयास सुरुवात होते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पात्र घरांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी 2024 पासून राज्य सरकारने माफ केली, हे स्तुत्य होय. परंतु फी माफ झाल्याने पहिल्या सत्राचे गणित सोपे होत नाही. दहावीत मुलांच्या पुढे असलेल्या ह्याच मुली. त्यांची परतपाठवणी होते ती बुद्धी नाही म्हणून नव्हे. त्यातच 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी तीन अथवा चार वर्षांची करून, एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा ठेविली आहे. ही मुभा सुखवस्तू शहरी मुले घेतील असे आम्हांस वाटत नाही. अडखळलेली खेड्यातील मुलगीच त्या दाराने बाहेर पडेल, आणि कागदावर तिची गणना यशस्वी म्हणून होईल.

विद्यापीठाकडे आमची मागणी लहान आहे. पहिल्या वर्षाचा निकाल लागला की कोणत्या शाळेची किती मुले कोणत्या विषयात मागे पडली, ते त्या त्या शाळेस कळवावे. माल कोठे कच्चा आहे हे घेणाऱ्याने सांगितल्यावाचून पुरविणाऱ्यास कळत नाही. बोर्डाने शास्त्र व इतिहास ह्या विषयांतही न पाहिलेला उतारा देऊन त्यावर प्रश्न घालावेत. भाषेत ते चालते, मग इतरत्र का नसावे? आणि सोनगीरच्या व्यापारी मंडळींस आमची विनंती अशी की, निकालाच्या दिवशी सत्कारावर जो खर्च होतो त्यातून निम्मा काढून ठेवावा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते व अकरावीचा वर्ग भरेपर्यंत तीन-चार महिने मुले रिकामी असतात. तेवढ्या काळापुरती एक खोली, अकरावीच्या पुस्तकांचे पंधरा-वीस संच, एक मराठी-इंग्रजी कोश, आणि धुळ्यास शिकत असलेली गावातील चार मुलेमुली संध्याकाळी दोन तास बसावयास मिळाली तरी येत्या उन्हाळ्यात काम सुरू होण्यासारखे आहे. खोली मिळण्यास अडचण पडली तर उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या वर्गांस कुलपे असतात, त्यांतील एक काढता येईल.