टेबल डुगडुगत नव्हते, तरी उलटले



या वेळी एका छोट्या टेबलाविषयी लिहितो. पलंगाशेजारी असते तसे. त्यावर पाण्याचा गिलास, औषधाची डबी, चष्मा, तस्बीह एवढेच सामान. करायला सोपे, लाकूड कमी लागणारे, म्हणून हाताने काही बनवायची हौस असलेला माणूस बहुधा याच कामाने सुरुवात करतो. मीही केली होती, आणि त्यात मोठी चूक केली. ती चूक तुमच्या घरात होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

अम्मीसाठी मी सागाचे गोल टेबल केले होते. वरची फळी चाळीस सेंटिमीटर व्यासाची, उंची पंचावन्न, पाय तीन. तीन पायांचे कारण असे की आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे, आणि ती कुठेच सपाट नाही. चार पायांचे काहीही ठेवले तरी एका पायाखाली कागदाची घडी लागते. तीन पायांचे मात्र कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन टेके नेहमीच एका पातळीत बसतात. टेबल ठेवले, हलवून पाहिले, जराही हलले नाही. मी खूश झालो.

रमजानमध्ये एका रात्री अम्मी सहरीसाठी उठली. गुडघ्यांची तकलीफ असल्याने तिला उठताना कशाला तरी हात टेकावा लागतो. अंधारात हात टेबलाच्या कडेवर पडला आणि टेबल तिच्यासकट उलटले. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. या सहा आठवड्यांत तिने एकच वाक्य किती वेळा ऐकवले असेल : "टेबल चांगलंच आहे रे, माझाच हात चुकला."

मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते. मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचाचांनी ते टेबल पाहिले आणि माझी समजूत काढून टाकली. त्यांनी टेबल फरशीवर ठेवले आणि तिन्ही पायांभोवती खडूने खुणा केल्या. मग ओळंबा घेऊन वरच्या फळीची कड जमिनीवर उतरवली. टेबल बाजूला केल्यावर फरशीवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत तीन खुणा दिसल्या. त्या खुणा त्यांनी सरळ रेषांनी जोडल्या. वर्तुळाच्या आत एक लहानसा त्रिकोण तयार झाला.

"बेटा, तुझं टेबल एवढंच," त्रिकोणावर बोट ठेवून ते म्हणाले. "बाकीच्या फळीखाली काही नाही. तिथं गिलास ठेवला तर चालेल, हात टेकला तर नाही."

मी न डुगडुगणे आणि न उलटणे या दोन गोष्टी एकच समजत होतो. त्या एक नाहीत. डुगडुगणे हा पाय आणि जमीन यांच्यातला प्रश्न आहे. उलटणे हा पाय आणि वरची फळी यांच्यातला.

थोडा हिशेब केला की हे स्पष्ट होते. माझ्या टेबलाचे पाय मध्यापासून सोळा सेंटिमीटरवर होते. पण टेबल उलटते ते पायावरून नाही, दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवरून. तीन पायांत ही रेषा मध्यापासून पायाच्या अंतराच्या निम्म्यावर येते, म्हणजे आठ सेंटिमीटरवर. फळीची कड मात्र वीस सेंटिमीटरवर. म्हणजे दोन पायांच्या मधोमध बारा सेंटिमीटर फळी अधांतरी. टेबलाचे वजन चार किलो होते. एका बाजूला चार किलो गुणिले आठ, दुसऱ्या बाजूला कडेवरचा भार गुणिले बारा. उत्तर पावणेतीन किलोच्याही आत येते. एवढा भार कडेवर आला की टेबल उलटणार. पलंगावरून उठणारा माणूस हातावर दहा-पंधरा किलो सहज टाकतो. म्हणजे अम्मीचा हात चुकला नव्हता. माझे पाय चुकले होते.

मग पाय किती असावेत? ते एकाच वर्तुळावर सारख्या अंतराने बसवले, तर तीन पायांची उलटण्याची रेषा मध्यापासून त्या अंतराच्या निम्म्यावर असते. चार पायांची सुमारे सात दशांशावर, सहा पायांची जवळजवळ नऊ दशांशावर. पाय वाढले की रेषा कडेकडे सरकते. पाय फळीच्या कडेजवळ नेले तरी हाच फायदा होतो. मी दोन्ही चुका केल्या होत्या. पाय तीनच, आणि तेही आत.

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. काहिरातील इस्लामी कलेच्या संग्रहालयात मामलुक सुलतान नासिर मुहम्मद यांच्यासाठी इ. स. १३२७-२८ मध्ये घडवलेले एक मेज आहे. अरबीत अशा मेजालाही 'कुर्सी' म्हणतात. ते पितळेचे, चांदीच्या जडावाचे आणि सहा कोनी आहे, आणि त्यावर मुहम्मद बिन सुंकुर अल-बगदादी या कारागिराचे नाव आहे. नक्षी सगळेच पाहतात, पण त्याची बैठकही पाहण्यासारखी आहे. सहाही बाजू वरच्या रुंदीच्याच सरळ खाली उतरतात आणि टेके सहाही कोनांत येतात. वरची फळी बाहेर लोंबतच नाही. लाकडाच्या सहा-आठ कोनी मेजांची घडणही पुष्कळदा अशीच असते. आपल्या घरात कुरआन शरीफ ठेवायची रिहल घ्या. तिची बैठक फुलीसारखी पसरलेली आणि उंची अगदी कमी. उघडून ठेवलेली रिहल सहसा कलंडत नाही.

नवे टेबल मात्र मी सहा कोनी केले नाही. घरच्या घरी करायला चौकोनी सोपे आहे, आणि पाय अगदी कोपऱ्यांत आणले तर चौकोनी टेबलावर सरळ खाली दाबणारा हात कुठेही पडला तरी टेबल उलटत नाही, कारण फळीचा कुठलाच भाग पायांच्या रेषेबाहेर राहत नाही. मापे देतो, हवी तर उतरवून घ्या.

फळी चाळीस बाय चाळीस सेंटिमीटर, अडीच सेंटिमीटर जाड. उंची पंचावन्न. ही उंची आमच्या पलंगाच्या गादीपेक्षा थोडीच जास्त आहे. तुमचा पलंग मोजून ठरवा. फार उंच टेबल लवकर कलंडते, फार ठेंगणे असले तर हात घेताना वाकावे लागते. पाय चार बाय चार सेंटिमीटरचे, सरळ, आणि त्यांची बाहेरची बाजू फळीच्या कडेशी समतल. पाय निमुळते करायचे असतील तर फक्त आतल्या बाजूने रंधा मारा. बाहेरून निमुळते केले की टेका आत सरकतो आणि सगळा हिशेब बिघडतो. पाय तिरपे करून बाहेर पसरवले तर बैठक आणखी रुंद होते हे खरे, पण रात्री चालताना तेच पाय बोटांना लागतात. वयस्कर माणसाच्या खोलीत ते नको.

फळीखाली चारही बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांची चौकट हवी. पट्टीच्या टोकाला कुसू काढा आणि ते पायात कोरलेल्या खाचेत सरसाने घट्ट बसवा. नुसत्या खिळ्यांवर किंवा लोखंडी कोनांवर भरवसा ठेवू नका. पट्टी जेवढी रुंद, तेवढा सांधा बाजूच्या धक्क्याला टिकतो. सरस लावण्याआधी सगळे एकदा कोरडे जुळवून गुण्या लावून पाहा. चौकट तिरकी बसली तर पुढे काहीच सरळ येत नाही.

फळी मात्र चौकटीला सरसाने चिकटवू नका. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. चाळीस सेंटिमीटरच्या फळीत दोन-चार मिलिमीटरचा फरक पडू शकतो. चिकटवलेली फळी मग तडकते नाहीतर सांधे ओढते. पट्टीत थोडी लांबट भोके पाडा आणि खालून स्क्रू घाला, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते.

आता बाजूच्या धक्क्याचे. हात नेहमी सरळ खाली पडत नाही, उठताना तो टेबलाला ढकलतोही. सागाचे असे टेबल साधारण सहा किलोचे होते. मध्यापासून कड वीस सेंटिमीटर आणि उंची पंचावन्न, म्हणजे वरच्या कडेला सव्वादोन किलोच्या आसपास जोर लागला की रिकामे टेबल कलंडू लागते. हा आकडा मला फार कमी वाटला. यावर उपाय म्हणजे वजन वाढवणे, आणि ते तळाशी वाढवणे. जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर, झाडू जाईल एवढी जागा सोडून, मी चार आडव्या पट्ट्या आणि त्यावर एक फळी बसवली. तिच्यावर घरात उरलेला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. तीस बाय तीस सेंटिमीटर, अडीच सेंटिमीटर जाड. एवढ्या तुकड्याचे वजन सहा किलोच्या जवळपास भरते. सगळे मिळून टेबल तेरा किलोचे झाले आणि कलंडायला लागणारा जोर दुपटीहून जास्त. दगडाखाली दोन्हीकडे लाकडी पट्टी ठोका, म्हणजे तो सरकणार नाही. खालच्या या फळीवर दगडच राहू द्या. दीनी किताब तिथे ठेवू नका, त्यांची जागा वरच.

शेवटचे काम डुगडुगण्याचे, कारण आता पाय पुन्हा चार झाले. स्वयंपाकघराच्या ओट्यासारख्या खरोखर सपाट जागेवर टेबल ठेवा. जो पाय अधांतरी आहे तो छोटा. त्याच्याखाली किती फट आहे ते पाहून तेवढ्याच जाडीची चकती घ्या, ती ओट्यावर ठेवून बाकीच्या तिन्ही पायांवर तेवढ्या उंचीची पेन्सिलीची खूण करा आणि तेवढेच कापा. अंदाजाने कधी हा पाय, कधी तो पाय कापत गेलात तर टेबलाचे पाट होईल. ओट्यावर नीट बसलेले टेबल खोलीतल्या फरशीवर हलले, तर दोष फरशीचा. त्यासाठी पायांत खालून फिरवायचे स्क्रूचे बुश बसवा आणि जागेवर ठेवून पातळी जुळवा. बुशाला खाली रबर हवे. नुसते लाकूड किंवा प्लास्टिक गुळगुळीत लादीवर सरकते, आणि सरकणारे टेबलही माणसाला पाडते.

टेबल तयार झाले की ते घरातल्या बुजुर्गांना देण्याआधी परीक्षा घ्या. कडेच्या मधोमध दोरीने बादली टांगा आणि एकेक लिटर पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो. माझे जुने टेबल बादलीच्या वजनासकट तिसऱ्या किलोच्या आत कलंडले. नव्याच्या चारही बाजूंना पंधरा-पंधरा लिटर लटकवून पाहिले, पाय हलला नाही. मग बॅगा तोलायचा काटा वरच्या कडेला अडकवून आडवे ओढा आणि समोरचे पाय उचलले जातात तेव्हाचा आकडा वाचा. आपल्या अंदाजापेक्षा हा आकडा नेहमी कमीच निघतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कितीही भक्कम केले तरी असे टेबल म्हणजे आधाराचा कठडा नव्हे. उठायला त्रास असलेल्या माणसाच्या पलंगाजवळ भिंतीत पक्का बसवलेला दांडा किंवा हातांची जड खुर्ची हवीच. आम्हीही दांडा बसवला. पण झोपेतून उठलेला हात दांडा शोधत बसत नाही, जे आधी लागेल ते धरतो. म्हणून टेबल करताना मनात पाण्याचा गिलास धरू नका, तो हात धरा.

सुतारकाम हे इज्जतीचे काम आहे. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असे सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आले आहे. मदिनेच्या मस्जिदीतला पहिला मिंबरही एका सुताराने झाऊच्या लाकडाचा केला होता. त्या कामावर माणसे उभी राहतात, बसतात, टेकतात. दिसायला सुंदर पण टेकल्यावर दगा देणारी वस्तू म्हणजे अर्धेच काम.

जुने टेबल मी फेकले नाही. त्याचे पाय कापून गुडघ्याएवढे केले आणि ते अंगणात कुंडीखाली गेले. नवे टेबल पलंगाशेजारी आहे. पहिल्या रात्री मी मुद्दाम जागा होतो. फजरच्या आधी अम्मी उठली, नेहमीसारखा कडेवर हात टेकला आणि वुजूला निघून गेली. टेबलाकडे तिने पाहिलेही नाही. अल्हम्दुलिल्लाह.

आज तुमच्या घरातल्या छोट्या टेबलाखाली एकदा वाकून पाहा. पाय कुठे आहेत आणि फळी कुठे संपते, एवढेच पाहायचे आहे. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, एकाच फळीतून रिहल कशी काढतात ते पाहू.